माप कोणाचे घेतले? मुंबईच्या संगणक-सल्लागारांपासून हिंगोलीच्या सातबाऱ्यापर्यंत

१/
हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमत भागात, हळद मोठ्या प्रमाणावर होते. ती जूनच्या सुमारास लागते आणि फेब्रुवारी-मार्चकडे निघते. खरीप आणि रब्बी हे दोन्ही हंगाम ती जमिनीत काढते. हाताने लिहिलेल्या नोंदवहीत तलाठी ही अडचण एका शेऱ्याने निभावून नेऊ शके. संगणकाच्या पडद्यावर मात्र ‘हंगाम’ नावाची एक चौकट असते, आणि तिच्यात दिलेल्या पर्यायांपैकी एकच निवडावा लागतो.

२/
मग हळदीचा हंगाम कोणता? प्रश्न किरकोळ दिसतो. पण तो कोणी विचारायचा, कोणाला विचारायचा आणि प्रणाली बांधण्याआधी विचारायचा की नंतर, यातच मागणीबरहुकूम बनवलेल्या सॉफ्टवेअरचा सारा इतिहास सामावलेला आहे. हा इतिहास मुंबईत सुरू होतो, पुण्यातून जातो आणि गावच्या चावडीवर येऊन थांबतो. हा धागा त्याच वाटेचा.

३/
याच जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेवांचे घराणे शिंप्याचे. कपडा तयार विकत घेता येतो किंवा माप देऊन शिवून घेता येतो. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. फरक एवढाच की शिंपी ज्याच्या अंगावर कपडा चढणार त्याचेच माप घेतो. सॉफ्टवेअरमध्ये पैसे देणारा एक, रोज वापरणारा दुसरा, आणि ज्याचे आयुष्य त्यात नोंदले जाते तो तिसराच असू शकतो.

४/
१ एप्रिल १९६८ रोजी टाटा सन्सचा एक विभाग म्हणून मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची सुरुवात झाली. नावात ‘संगणक’ नव्हता, ‘सल्ला’ होता. आरंभीची कामे टिस्कोच्या पंचकार्डांची, युनिट ट्रस्टची आणि सेंट्रल बँकेच्या शाखांमधील हिशेबांच्या ताळमेळाची होती. १९६९ मध्ये टाटांच्या वीज कंपन्यांतून आलेले अभियंते फकीरचंद कोहली यांच्याकडे या विभागाची धुरा आली.

५/
शाखांच्या ताळमेळाचे काम वरवर सोपे वाटते. एका शाखेने दुसऱ्या शाखेवर ड्राफ्ट काढला की दोन वह्यांत दोन नोंदी होतात आणि त्या जुळल्या पाहिजेत. पण नोंदी जुळत नाहीत त्याची कारणे वहीत लिहिलेली नसतात; ती वर्षानुवर्षे ते काम करणाऱ्या कारकुनाच्या डोक्यात असतात. नियम व्यवस्थापकाकडून कळतो, अपवाद कारकुनाकडून. प्रणाली मोडते ती बहुधा अपवादांवर. संगणक-सल्लागाराच्या धंद्यातील हा पहिला धडा.

६/
त्याच वर्षी, ऑक्टोबर १९६८ मध्ये, जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या पुढाकाराने एक परिषद भरली. यंत्रे झपाट्याने सुधारत होती, पण त्यांवर चालणारे सॉफ्टवेअर उशिरा येत होते, ठरल्यापेक्षा महाग पडत होते आणि आल्यावर नको ते करत होते. ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हा शब्दप्रयोग या परिषदेमुळे रूढ झाला. पूल बांधण्याचे शास्त्र आहे, तसे याचेही असावे, ही त्यामागची आस.

७/
१९७० मध्ये विन्स्टन रॉयस या अमेरिकी अभियंत्याने एक निबंध लिहिला. त्यात एक आकृती होती: आधी गरज लिहायची, मग आराखडा, मग संकेतलेखन, मग चाचणी, मग वापर. पाणी पायरीपायरीने खाली उतरावे तशी ही रचना. असे एकाच दिशेने जाणे धोक्याचे आहे, हे रॉयसने त्याच निबंधात बजावले होते. जगाने आकृती उचलली आणि इशारा मागे ठेवला.

८/
असे का झाले? कारण ती आकृती करारात बसत होती. प्रत्येक पायरीला एक कागद, प्रत्येक कागदावर ग्राहकाची सही, प्रत्येक सहीला एक हप्ता. पुढे वाद झाला तर सही दाखवता येते. ही रचना सॉफ्टवेअर चांगले व्हावे यापेक्षा व्यवहार निस्तरता यावा यासाठी अधिक सोयीची होती. समुद्रापलीकडचा ग्राहक असला की ही सोय आणखी मोलाची ठरते.

९/
भारतीय कंपन्यांना असे ग्राहक १९७० च्या दशकात मिळू लागले. परकीय चलन दुर्मीळ होते आणि संगणक आयात करायचा तर निर्यातीची हमी द्यावी लागे. टाटांच्या मंडळींनी अमेरिकेतील बरोज कंपनीसाठी रुग्णालयाच्या हिशेबाची एक प्रणाली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर उतरवून देण्याचे काम घेतले. अडचण अशी की बरोजचे यंत्र हाताशी नव्हते. होता तो ब्रिटिश बनावटीचा आयसीएल संगणक. त्याच्यावरच रूपांतराची साधने रचून ते काम तडीस गेले.

१०/
त्याच काळातील दुसरा प्रसंग नरेंद्र पटनी यांच्याविषयी सांगितला जातो. एमआयटीत शिकलेले पटनी आणि त्यांच्या पत्नी पूनम यांनी अमेरिकेतील आपल्या घरात एक प्रयोग केला. एक खोली ‘अमेरिका’, दुसरी ‘भारत’. दोन खोल्यांत बोलायचे नाही. फक्त लेखी सूचना द्यायच्या. केवळ कागदावरच्या सूचनांवर काम बिनचूक होते का, हे त्यांना पाहायचे होते. ते जमले. पुढे अमेरिकेतील मजकूर संगणकात उतरवण्याचे काम पुण्यात होऊ लागले.

११/
हा प्रयोग भारतीय सॉफ्टवेअर-निर्यातीची जणू मुहूर्तमेढ आहे. मात्र त्याची मर्यादाही तेवढीच शिकण्यासारखी आहे. काय हवे ते देणाऱ्याला नेमके ठाऊक असेल, तर भिंत आड आली तरी बिघडत नाही. छापील मजकूर जसाच्या तसा उतरवायचा असेल तर कागद पुरतो. पण काय हवे हे ग्राहकाला स्वतःलाच पुरते ठाऊक नसेल, तर दोन खोल्यांमधले दार उघडावेच लागते.

१२/
दार उघडायचे म्हणजे माणूस पाठवायचा. पटनी कंपनीतून बाहेर पडलेल्या नारायण मूर्ती आणि सहकाऱ्यांनी, एकूण सात अभियंत्यांनी, जुलै १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस स्थापन केली. भांडवल दहा हजार रुपयांचे, सुधा मूर्ती यांनी दिलेले. पहिला ग्राहक न्यूयॉर्कची डेटा बेसिक्स कॉर्पोरेशन. स्वतःचा संगणक नसल्याने अभियंत्यांना ग्राहकाच्या दारी जाऊन, त्याच्या यंत्रावर काम करावे लागे. १९८३ मध्ये कंपनी बंगळुरूला गेली.

१३/
दशकाअखेरपर्यंत या धंद्याची एक रीत घडली. आधी दोन-चार जाणकार ग्राहकाकडे जाऊन त्याचे काम समजून घेतात. मग गरजांचे तपशीलपत्र तयार होते. ग्राहक त्यावर सही करतो. बांधणी बहुतांश भारतात होते. शेवटी ग्राहकाची माणसे स्वतः प्रणाली चालवून पाहतात; त्या स्वीकृती-चाचणीनंतरच काम पुरे झाले असे मानतात. सहीनंतर सुचलेली प्रत्येक गोष्ट ‘बदलाची विनंती’ ठरते आणि तिचे वेगळे पैसे पडतात.

१४/
पैशाची आकारणी दोन प्रकारांची. एक, ठरावीक रकमेचा ठेका. दुसरा, माणसांच्या वेळेप्रमाणे. ठेक्यात विलंबाचा तोटा बनवणाऱ्याच्या माथी, म्हणून तो बदलाला नाही म्हणतो. वेळेच्या आकारणीत तोटा ग्राहकाच्या माथी, म्हणून ग्राहक पदोपदी हिशेब मागतो. दोन्ही प्रकारांत वापरणाऱ्याच्या अडचणीला स्वतःहून कोणी वाली नसतो. वाली मुद्दाम नेमावा लागतो: ग्राहकाच्या बाजूचा असा एक माणूस, ज्याला काम कळते आणि ज्याला निर्णयाचा अधिकारही असतो.

१५/
वजन कोणाचे, हाही प्रश्न असतो. १९९५ मध्ये इन्फोसिसचे जवळपास चतुर्थांश उत्पन्न एकट्या जनरल इलेक्ट्रिककडून येत होते. त्या ग्राहकाने दर खाली ओढले, तेव्हा कंपनीने ते काम सोडले आणि कोणा एकावर इतके विसंबायचे नाही असा धडा घेतला. बाजारात दोन्ही पक्षांना उठून जाण्याची मुभा असते. ही मुभा लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढील कथेत ती कोणालाच नाही.

१६/
तिसऱ्या माणसाचा, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्याचा, प्रश्न भारतात फार लवकर उभा राहिला होता. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळातील संगणकांना कर्मचाऱ्यांनी कडवा विरोध केला. सरकारने स्वयंचलनाविषयी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर होते. तेव्हा वाद नोकऱ्यांचा होता. पण यंत्र आणायचे तर ज्याच्या टेबलावर ते येणार त्याला विचारात घ्यावे लागते, एवढे तेव्हाच उघड झाले.

१७/
सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी हे सूत्ररूपाने मान्य करायला २००१ उजाडले. फेब्रुवारीत अमेरिकेतील यूटा राज्यात सतरा जण जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. सार असे: काटेकोर करारापेक्षा ग्राहकाचा सततचा सहभाग मोलाचा, थोडे बनवा, दाखवा, चुका ऐका, पुन्हा बनवा. शिंप्याच्या भाषेत सांगायचे तर कच्ची शिलाई घालून कपडा अंगावर चढवून पाहायचा आणि मगच पक्की शिवण मारायची.

१८/
आता सरकारकडे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, १९७६ मध्ये स्थापन झाले. ही खाजगी सल्लागार कंपनी नव्हे. परंतु सरकारी खात्यांसाठी तिचे काम तेच: खात्याची गरज समजून घ्यायची, प्रणाली बेतायची, चालती ठेवायची. १९८८-८९ मध्ये केंद्राने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना काढली आणि देशातील आठ जिल्हे प्रयोगासाठी निवडले. महाराष्ट्रातून निवडला गेला वर्धा.

१९/
या कामात ग्राहक कोण? कागदोपत्री राज्याचा महसूल विभाग, मागणी त्याची. बनवणारी एनआयसी. वापरणारा तलाठी, ज्याचे पदनाम अलीकडे ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. आणि भोगणारा शेतकरी. मंत्रालयातील खोली आणि बांधावरचा माणूस यांत पटनींच्या घरातल्या भिंतीपेक्षा पुष्कळ जाड भिंती होत्या. तलाठ्याला प्रणाली नाकारता येत नाही. शेतकऱ्याला सातबारा बदलून दुसऱ्या दुकानातून घेता येत नाही.

२०/
सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा यांची जोडी. सातव्यात जमीन कोणाची, किती, कोणत्या धारणेची आणि तिच्यावर इतरांचे हक्क कोणते. बाराव्यात पीक कोणते. राज्यात असे सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची भरपाई, हमीभावाची खरेदी, वारसाची वाटणी, खरेदीखत, सारे या कागदावर अडते किंवा सुटते. त्यात नाव चुकले तर चूक टंकलेखकाची, पण हेलपाटे शेतकऱ्याचे.

२१/
हिंगोलीच्या कागदाला आणखी थर आहेत. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. सालारजंगाच्या सुधारणांच्या काळात तेथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. १८८४ च्या सुमारास कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद संस्थान भारतात आले. १९५४-५५ चे खासरा पत्रक आजही मराठवाड्यातील जमिनीच्या वादांत पुरावा म्हणून पुढे येते.

२२/
१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. गाव नमुन्यांचे आजचे रूप ठरवणारे नियम १९७१ चे. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला तो १ मे १९९९ रोजी. म्हणजे शेत तेच राहिले. त्याच्यावरचे राज्य, भाषा, कायदा आणि अखेर जिल्हाही बदलला. संगणकाला मात्र प्रत्येक शेतासाठी एकच पक्की ओळ हवी असते.

२३/
कोकणात खोतीचा वारसा, विदर्भात मालगुजारीचा, मराठवाड्यात इनामांचा आणि हैदराबादच्या १९५० च्या कूळकायद्याचा. छापील नमुना राज्यभर एक झाला तरी त्यात भरलेला इतिहास एक नव्हता. भोगवटादार वर्ग दोनची जमीन परवानगीविना विकता येत नाही. ती जमीन वर्ग दोनची का आहे, याची कारणे मात्र प्रदेशागणिक निराळी. मुंबई-पुण्यात बसून आखलेल्या पर्यायांच्या यादीत ही सारी कारणे आपोआप येत नाहीत. ती कोणीतरी सांगावी लागतात.

२४/
सर्वांत बोलका रकाना ‘इतर हक्क’. विहिरीतील हिस्सा, सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, वाटेचा हक्क, न्यायालयाची मनाई असे जे जे दुसरीकडे मावत नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्यांनी तेथे लिहिले. प्रणाली बनवणाऱ्याला तो साधा मजकुराचा चौकोन दिसतो. शेतकऱ्याला त्याच चौकोनात भावकीचे चाळीस वर्षांचे भांडण दिसते. त्यातली एक ओळ गळली तर बोजा उतरल्यासारखा दिसतो. एक ओळ चुकून राहिली तर फेडलेले कर्ज पुन्हा उभे राहते.

२५/
लिपीचीही अडचण होती. संगणक देवनागरी सहज लिहीत नसत. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने भारतीय लिप्यांची साधने दिली. ‘इस्की’ नावाचे मानक १९९१ मध्ये निश्चित झाले. पुढे युनिकोड आले. एका संकेतातून दुसऱ्यात मजकूर नेताना जोडाक्षरे आणि मात्रा बिघडतात, हा देशी भाषांचा जुना अनुभव. कादंबरीत असे बिघडले तर वाचक समजून घेतो. खातेदाराच्या नावात बिघडले तर बँक समजून घेत नाही.

२६/
२००८ च्या राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमानंतर महाराष्ट्रात ई-फेरफार ही प्रणाली उभी राहिली. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की त्याची सूचना संगणकातून तलाठ्याकडे जाते. फेरफार नोंदला जातो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस राहतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो. साखळी उत्तम. पण तिची पहिली कडी म्हणजे आधी भरलेला सातबारा बिनचूक असणे.

२७/
तो तसा नव्हता. हस्तलिखित कागदावरून कोट्यवधी नोंदी टंकताना नावे सुटली, क्षेत्रांची बेरीज जुळेना, कुठे जुना फेरफार दिसेना. मग मूळ कागदाशी ताडून दुरुस्ती करण्याची सोय प्रणालीतच बसवावी लागली. तपासणीचे काम तलाठ्यांनी गावोगाव केले, अनेकदा संथ जोडणीशी झुंजत रात्री जागून. आणि २०१७ मध्ये राज्यभर ‘चावडी वाचन’ झाले.

२८/
चावडी वाचन म्हणजे काय? संगणकातून छापलेले सातबारे गावात लोकांसमोर वाचायचे, चुका ऐकायच्या, आक्षेप नोंदवायचे. कंपन्यांच्या भाषेत ही स्वीकृती-चाचणी. फरक असा की येथे चाचणी घेणारा ग्राहकाचा व्यवस्थापक नव्हता. ज्याचे माप घ्यायला हवे होते तोच होता. चावडी ही महसुलाची जुनी जागा. तेथे नाव मोठ्याने वाचले गेले की काका, पुतण्या आणि शेजारी तिघेही ऐकतात; आणि चूक तिघांपैकी एकाला तरी कळतेच.

२९/
मात्र हे शेवटी झाले, आधी नव्हे. बेतण्यापूर्वी पाच वेगवेगळ्या मुलखांतल्या चावड्यांवर शे-दीडशे जुने सातबारे वाचले असते, तर पर्यायांच्या याद्या वेगळ्या झाल्या असत्या, असे मानायला जागा आहे. उलट बाजूही खरी. अडीच कोटी नोंदींचे काम कागदावर पूर्ण समजून घेऊन मगच सुरू करायचे ठरले असते, तर ते सुरूच झाले नसते. काही चुका प्रणाली चालू झाल्यावरच दिसतात. म्हणून प्रश्न चुका होण्याचा नाही; चुका ऐकण्याची जागा ठेवली आहे की नाही, हा आहे.

३०/
पुढील पावले झपाट्याने पडली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुनाच सुधारला. गावाचा संकेतांक, खातेदारांच्या नोंदी आणि क्षेत्राची एकके अधिक स्पष्ट झाली. म्हणजे नियम आधी आणि प्रणाली मागून, हा क्रम उलटला होता. चालत्या प्रणालीने दाखवलेल्या अडचणींवरून छापील नमुना बदलला.

३१/
१५ ऑगस्ट २०२१ रोजी ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. तिचे मोबाइल ॲप टाटा ट्रस्टच्या सहकार्याने तयार झाले होते. आता बारा नंबरची नोंद शेतकरी स्वतः शेतात उभा राहून, छायाचित्र काढून करू लागला. पहिल्या हंगामानंतर तक्रारी आल्या. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत चुकलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय आली आणि तलाठ्याने दहा टक्के नोंदी पडताळाव्यात अशी रचना झाली.

३२/
हळदीचे उत्तरही तेथेच मिळते. ॲपमध्ये खरीप, रब्बी, उन्हाळी यांच्या जोडीला ‘संपूर्ण वर्ष’ असाही पर्याय आहे. सोयाबीनमध्ये तूर असेल तर मिश्र पिकाचाही आहे. वसमतच्या शेतकऱ्याला आपले पीक दोन हंगामांत चिरून दाखवावे लागत नाही. दोन शब्दांचा हा पर्याय. पण त्यामागे कोणीतरी शेताचे वर्ष कचेरीच्या वर्षाहून वेगळे असते हे ओळखलेले आहे.

३३/
काम तरी संपलेले नाही. आता वापरणारा आणि भोगणारा एकच झाला: शेतकरी. पण ज्याच्याकडे साधा फोन आहे, ज्याच्या शिवारात जोडणी मिळत नाही, जो वयाने थकला आहे किंवा ज्याची जमीन बटाईने दुसरा कसतो, त्याचे माप कोणी घेतले? पीक नोंदवायचे राहिले तर बारा नंबर रिकामा दिसतो, आणि रिकाम्या रकान्यावर ना विमा मिळतो ना हमीभाव.

३४/
मुंबईतील बँकेच्या कारकुनापासून वसमतच्या हळद-उत्पादकापर्यंत पन्नासएक वर्षांत यंत्रे, भाषा, करार सारे बदलले. एक गोष्ट बदलली नाही. चांगली प्रणाली बनवणारा मागणीपत्रावर थांबत नाही. तो विचारतो की ही चौकट चुकली तर हेलपाटे कोण घालणार, आणि मग त्या माणसाकडे जाऊन बसतो. कंपनीला हे परवडते तेव्हा ती करते. सरकारला ते परवडवून घ्यावे लागते, कारण त्याचा ग्राहक उठून जाऊ शकत नाही.

३५/
शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. संगणकीकृत सातबाऱ्यातील लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद महसूल संहितेच्या कलम १५५ मध्ये आहे. जुना हस्तलिखित उतारा घरात असेल तर तो नव्याशी ओळीने ताडून पाहावा: नाव, क्षेत्र, धारणा, इतर हक्क. चूक सापडली तर अर्ज करावा. चावडी वाचन २०१७ मध्ये एकदा झाले. घरच्या ओसरीवर ते केव्हाही करता येते.

(धागा समाप्त)